वर्गात मागे, पण कोणाच्या मागे?

वाचकाचं पत्र : माझी मुलगी कॅलिफोर्नियात, बे एरियातल्या एका सरकारी हायस्कुलात दहावीला आहे. सहावीपासून ती चिनी भाषा शिकते आहे आणि आवडीने शिकते आहे. पुढच्या वर्षी एपी चायनीज (हायस्कुलातच शिकवला जाणारा कॉलेजच्या पातळीचा विषय) घ्यायचं का, हे फेब्रुवारीअखेर शाळेला कळवायचं आहे. अडचण अशी, की वर्गातली निम्म्याहून जास्त मुलं चिनी घरांतली. त्यांच्या घरी आजी-आजोबा चिनीच बोलतात, शनिवारी ती चिनी शाळेतही जातात. लेक म्हणते, "मी कितीही केलं तरी त्यांच्यात मागेच राहणार." तिचे बाबा म्हणतात, त्यापेक्षा एपी स्टॅटिस्टिक्स घे, तिथे परीक्षेत ५ पैकी ५ हमखास. नाशिकहून सासरे फोनवर विचारतात, फ्रेंच-जर्मन सोडून चिनीच कशाला? मला धड कोणाचीच बाजू घेता येत नाही. काय करावं? – एक आई

ताई,

आधी उत्तर देते, कारणं मागाहून. वर्ग घेऊ द्या तिला. परीक्षेला बसायचं की नाही, ते मात्र आज ठरवू नका. त्यासाठी ऑक्टोबरपर्यंत वेळ आहे. वर्ग आणि परीक्षा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वर्ग शाळेचा असतो. परीक्षा एपी चालवणाऱ्या कॉलेज बोर्ड या संस्थेची, मे महिन्यात होते, तिची फी सुमारे शंभर डॉलर असते आणि नोंदणी आदल्या शरद ऋतूत, साधारण नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत करायची असते. काही शाळा एपी वर्गातल्या प्रत्येकाला परीक्षेची सक्ती करतात. तुमच्या शाळेचा नियम काय आहे, एवढं समुपदेशकाला आजच विचारून घ्या.

मी मराठी घरातली. चिनी शिकायला दिल्लीला जेएनयूत गेले आणि आता बरीच वर्षं अमेरिकेतल्या हायस्कुलाच्या मुलांना ती शिकवते. त्यामुळे "मी मागेच राहणार" हे वाक्य मी दर वर्षी कोणाच्या ना कोणाच्या तोंडून ऐकते, आणि दर वेळी मला ते लागतं. कारण वाक्य खोटं नसतं. घरी चिनी ऐकत वाढलेल्या मुलाचा कान आणि तुमच्या लेकीचा कान यांत फरक आहेच. पण ही तुलना कशाची कशाशी चालली आहे, हे तिला कोणी नीट सांगितलेलं दिसत नाही.

अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची एक भाषाप्रशिक्षण संस्था आहे. इंग्रजी बोलणाऱ्या माणसाला एखादी भाषा कामकाजापुरती यायला वर्गात किती तास बसावं लागतं, याचा तिने अंदाज बांधला आहे. स्पॅनिश-फ्रेंचला साधारण ६०० ते ७५०, हिंदीला ११००च्या आसपास आणि चिनीला २२००. आता लेकीचा हिशेब करा. अमेरिकी शाळेचं वर्ष १८० दिवसांचं, रोज जेमतेम तासभर चिनी. पाच वर्षांचे जास्तीत जास्त सातशे-आठशे तास झाले. तिच्या शेजारी बसलेल्या मुलाने तेवढे तास बालवाडीत जायच्या आधीच आजीच्या मांडीवर बसून ऐकलेत. तो तिच्या पुढे असणारच. त्यात तिच्या आळसाचा किंवा बुद्धीचा काही संबंध नाही.

हे कॉलेज बोर्डालाही ठाऊक आहे. एपी चायनीजची पहिली परीक्षा २००७च्या मे महिन्यात झाली. या परीक्षेच्या अलीकडच्या निकालांत एकूण परीक्षार्थींपैकी साधारण निम्म्यांना ५ मिळालेले दिसतात, इतर विषयांच्या मानाने हे प्रमाण फारच मोठं आहे. पण बोर्ड भाषेच्या परीक्षांचा निकाल दोन तऱ्हांनी मांडतं. एक सगळ्यांचा, आणि दुसरा ज्यांनी ती भाषा मुख्यतः अमेरिकी शाळेतच शिकली त्या मुलांचा. या दुसऱ्या गटात ५ मिळवणारे बरेच कमी असतात. लेकीने स्वतःला मोजायचं ते या गटाशी. तिच्या बाबांना सांगा, निकालाचा पहिला तक्ता बघून चिनीचा अंदाज बांधू नका.

आणि चिनी घरातली सगळी मुलं एका माळेतली नसतात. बे एरियात कित्येक घरांत कॅन्टोनीज बोलतात. परीक्षा मँडरिनची, म्हणजे प्रमाण चिनीची असते. कित्येक मुलं घरी भराभर बोलतात, पण चार ओळींची सूचना वाचताना अडखळतात. तुमची लेक मराठी शाळेत जात असेल तर हे चित्र तिला ओळखीचं वाटेल. आजीशी फोनवर तासभर गप्पा मारणारी मुलं 'ज्ञ' लिहायला लावला की गप्प बसतात. तिच्या वर्गातल्या चिनी मुलांचंही नेमकं तसंच असतं. ती मुलं बोलण्यात पुढे आहेत, तुमच्या लेकीने अक्षरओळख पद्धतशीर केली आहे. त्या मुलांना ती आणि तिला ती मुलं उपयोगी पडू शकतात. हे मी पुन्हापुन्हा पाहिलं आहे.

आता परीक्षेकडे येऊ. हे आजवरचं स्वरूप आहे. बोर्ड अधूनमधून बदल करतं, तेव्हा नोंदणीआधी त्यांच्या संकेतस्थळावर खात्री करून घ्या. सगळी परीक्षा संगणकावर होते, सव्वादोन तासांच्या आसपास चालते. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं या चौघांना २५-२५ टक्के. म्हणजे नुसतं भराभर बोलता आलं तरी गाडी पाव वाटेवरच थांबते. ऐकण्याच्या पहिल्या भागात संवादाचा तुकडा ऐकवतात आणि त्यापुढचं योग्य वाक्य कोणतं ते निवडायचं असतं. चारही पर्याय कानांनीच ऐकायचे, पडद्यावर काही छापलेलं नसतं, आणि सगळं एकदाच. शाळेत शिकलेल्या मुलांना सगळ्यात जड जातो तो हा भाग. वाचनात पाट्या, ईमेल, जाहिराती, छोट्या गोष्टी असं रोजचं साहित्य येतं. अक्षरं सोपी केलेली हवीत की पारंपरिक, हे आपण निवडायचं.

लिहिणं म्हणजे टंकणं. हे पालकांना माहीत नसतं, आणि आश्चर्य म्हणजे कित्येक मुलांनाही उशिरा कळतं. हाताने अक्षर काढावं लागत नाही. उच्चार रोमन लिपीत टंकायचा, मग त्या उच्चाराची अक्षरं रांगेने समोर येतात आणि त्यांतलं बरोबर ते उचलायचं. 'मध्ये असणं' आणि 'पुन्हा' या दोन्ही अर्थांचा उच्चार एकच, 'त्साय', सूरही (शब्दाचा अर्थ ठरवणारा आवाजाचा चढउतार) एकच, अक्षरं मात्र वेगळी. घाईत चुकीचं उचललं की वाक्याचा अर्थच बदलतो. वह्यांच्या वह्या भरून अक्षरं गिरवलेली मुलं इथे अडखळताना मी पाहिली आहेत. म्हणून तिला आजपासून मैत्रिणींशी चिनीत संदेश लिहायला लावा. सरावाचा सराव होईल आणि गप्पांच्या गप्पा.

लेखनात चार चित्रांवरून गोष्ट लिहायची असते, १५ टक्के गुणांची, आणि एका ईमेलला उत्तर द्यायचं असतं, १० टक्के. गोष्टीत बहुतेक मुलं एकच चूक करतात. पहिल्या चित्रात हे, दुसऱ्या चित्रात ते, असं वर्णन करत जातात. चार चित्रं मिळून एक गोष्ट झाली पाहिजे, तिला सुरुवात हवी, 'इतक्यात', 'म्हणून', 'शेवटी' असे सांधे हवेत. बोलण्यात सहा प्रश्नांचा संवाद असतो, प्रत्येक उत्तराला २० सेकंद. आणि शेवटी सांस्कृतिक सादरीकरण, तेही १५ टक्के. चिनी संस्कृतीतला दिलेला विषय, चार मिनिटं विचाराला, दोन मिनिटं बोलायला. दोन मिनिटं थोडी वाटतात ना? घड्याळ लावून मराठीत दिवाळीबद्दल दोन मिनिटं अखंड बोलून पाहा. चाळिसाव्या सेकंदाला फराळ संपतो.

आता मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे ते सांगते. तुमच्या घरात चिनी नाही, पण मराठी आहे, आणि तिचा किती उपयोग होतो हे कोणी कोणाला सांगत नाही. लेकीला विचारा, चिनीत प्रश्न कसा करतात? वाक्याच्या शेवटी 'मा' लावतात. "नी लाय मा?" आपण काय म्हणतो? "तू येणार का?" जागाही तीच, कामही तेच. तिची इंग्रजीत विचार करणारी मैत्रीण वाक्य उलटंपालटं करत बसते, हिने नुसता 'का' च्या जागी 'मा' ठेवायचा. 'टेबलावर' म्हणायला चिनी माणूस आधी टेबल म्हणतो आणि मग 'वर'. वेळ आणि जागा क्रियापदाच्या आधी येतात, "मी उद्या शाळेत..." अशी. आणि माझं सगळ्यात आवडतं उदाहरण, 'मी काल घेतलेलं पुस्तक'. चिनीत 'वो त्स्वोथ्यॅन माय त शू'. मी, काल, घेणं, -लेलं, पुस्तक. एकही शब्द जागचा हलवावा लागत नाही. इंग्रजीतून शिकणारी मुलं या एका रचनेशी दोन-दोन वर्षं झगडतात. तुमच्या लेकीला घरात कोणी हे दाखवलंच नाही, कारण घरात चिनी कोणाला येत नाही आणि वर्गात मराठी कोणाला येत नाही. तो पूल तिलाच बांधायचा आहे.

उच्चारांचं तसंच. चिनीतला रोमन 'बी' हा आपला 'ब' नाही, तो 'प' आहे, आणि रोमन 'पी' म्हणजे ओठ मिटून सोडलेला 'फ'. तसंच त-थ, क-ख. ज्या शहराला आपण बीजिंग म्हणतो त्याचा तिथला उच्चार 'पेइचिंग'च्या जवळ जातो. अल्पप्राण-महाप्राण हा भेद अमेरिकी मुलांना कानाने पकडायला महिने लागतात, मराठी ऐकत वाढलेल्या मुलीकडे तो आयता असतो. शिवाय आपले दोन 'च' आहेत. 'चार' म्हणा आणि गुरांचा 'चारा' म्हणा, फरक लगेच जाणवेल. हेच दोन वेगळे ध्वनी चिनीत आहेत, रोमनमध्ये ते 'जे' आणि 'झेड' असे लिहितात, आणि त्या स्पेलिंगमुळेच मुलं फसतात. तिला म्हणावं, स्पेलिंग विसर, 'चार' आणि 'चारा' लक्षात ठेव. सूर मात्र मराठीत नाहीत. तिथे तिला सगळ्यांसारखीच मेहनत करावी लागेल, रोज मोठ्याने वाचून आणि स्वतःचं बोलणं फोनवर ध्वनिमुद्रित करून ऐकून. दुसरा रस्ता मला माहीत नाही.

नातेवाइकांचे शब्द पाहा. या अभ्यासक्रमाचे सहा घटक आहेत आणि पहिलाच घटक कुटुंबाचा आहे. चिनीत एका 'अंकल'वर भागत नाही. वडिलांचा मोठा भाऊ 'पोपो', धाकटा 'शूशू', मामा 'च्योच्यो', आत्या 'कूकू', मावशीला पुन्हा वेगळा शब्द. चुलत भावंडांना 'थांग' लावतात. आते, मामे, मावस या तिघांना मिळून 'प्याव'. इंग्रजीतल्या 'कझिन'मध्ये हे सगळं वाहून जातं. वर्गातल्या मुलांना हा तक्ता घोकावा लागतो. तुमच्या लेकीला हा तक्ता काका, मामा, आत्या, मावशी म्हणून जन्मापासून पाठ आहे, नुसत्या पाट्या बदलायच्या आहेत. मोठ्यांना 'नी' न म्हणता 'निन' म्हणायचं, हेही 'तू' आणि 'तुम्ही'तून आलेल्या मुलीला समजावून सांगावं लागत नाही. ईमेलचं उत्तर शिक्षकांना लिहायचं असेल तर तेवढ्या एका शब्दाने वाचणाऱ्याचं मत सुधारतं.

अक्षरांची भीती वाटत असेल तर तीही थोडी कमी करता येते. बहुतेक अक्षरं दोन तुकड्यांची असतात, एक तुकडा अर्थाकडे बोट दाखवतो, दुसरा आवाजाकडे. घोड्याला 'मा' म्हणतात. त्याच्या शेजारी बाई काढली की 'आई', उच्चार 'मा'. घोड्याशेजारी तोंड काढलं की प्रश्नाचा 'मा'. यात घोड्याचा अर्थाशी काही संबंध नाही, तो नुसता आवाज पुरवतो. 'छिंग' या तुकड्याला पाणी जोडलं की स्वच्छ, सूर्य जोडला की निरभ्र, मन जोडलं की भावना, बोलणं जोडलं की विनंती. लेकीने अशी कुटुंबं करून शिकावीत. शंभर सुटी अक्षरं घोकण्यापेक्षा वीस कुटुंबं बरी.

सांस्कृतिक सादरीकरणासाठीही घरातून खूप नेता येतं, पण एक सावधगिरी हवी. विषय चिनी संस्कृतीचा असतो. दोन मिनिटांतलं दीड मिनिट गणपतीवर गेलं तर गुण जातात. मात्र समजून घ्यायला आपले सण कामी येतात. चिनी पंचांगातल्या आठव्या महिन्याच्या पौर्णिमेला मध्य-शरद उत्सव असतो. घरचे सगळे जमतात, चंद्र पाहतात, चंद्रासारखे गोल केक वाटून खातात. गोल म्हणजे पूर्ण, पूर्ण म्हणजे कुटुंब एकत्र. २०२५ साली हा उत्सव आणि आपली कोजागरी एकाच रात्री आली होती, ६ ऑक्टोबरला. बऱ्याच वर्षी तो महिनाभर आधी, भाद्रपद पौर्णिमेला येतो. गच्चीत मसाला दूध आटवत बसलेल्या मुलीला चंद्राखाली माणसं का जमतात हे पुस्तकातून शिकावं लागत नाही. परीक्षकाला हेच हवं असतं. सणाचा तपशील दोन वाक्यांत, आणि तो त्या लोकांना का मोलाचा वाटतो हे पुढच्या आठ वाक्यांत.

इथेच नाशिकच्या आजोबांकडे वळते, कारण त्यांच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या मते त्यांच्याच गावात आहे. १९६२ पाहिलेल्या पिढीच्या मनात या भाषेविषयी काय असेल ते मी समजू शकते, सीमेवरच्या २०२०च्या बातम्यांनंतर तर अधिकच. त्यांच्याशी वाद घालू नका. त्यांना श्वान्-त्सांगची गोष्ट सांगा. शाळेच्या पुस्तकात आपण त्याला ह्युएन त्संग म्हणून वाचलं. हा बौद्ध भिक्षू सातव्या शतकात पायी भारतात आला, सतरा-अठरा वर्षं हिंडला आणि ६४५ साली चीनला परतला. पुलकेशीच्या राज्यात तो आला होता. आपल्या देशाचं नाव त्याने महाराष्ट्र असंच नोंदवलं. इथली माणसं स्वाभिमानी आहेत, उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत, असं त्याने लिहून ठेवलं. त्याने पाहिलेली राजधानी म्हणजे नाशिकच, असं काही इतिहाससंशोधकांनी मांडलं आहे. तेराशे-चौदाशे वर्षांपूर्वीच्या मराठी माणसाचं डोळ्यांनी पाहून केलेलं वर्णन चिनी भाषेत जपलं गेलं आहे. त्यांची नात ते पुढेमागे मुळातून वाचू शकेल, हे आजोबांना कोणीतरी सांगायला हवं. आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस तर त्यांना माहीत असणारच. १९३८ साली वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, १९४२ साली तिथेच वारले, आणि 'ख तिहुआ' या नावाने तिथले लोक आजही त्यांची आठवण ठेवतात. लेकीला सादरीकरणात प्रसिद्ध चिनी व्यक्ती असा विषय आला, तर तिने श्वान्-त्सांग घ्यावा असं मी सुचवेन. तो चिनी आहे आणि थोडा आपलाही. दोन मिनिटं तिला पुरणार नाहीत.

आता तिच्या बाबांचा मुद्दा. स्टॅटिस्टिक्स चांगला विषय आहे, तो बारावीतही घेता येईल. भाषेचं तसं नाही. पाच वर्षं चालून एक वर्ष थांबलं की अक्षरं भराभर पुसली जातात. ३ आले तर अर्जात डाग दिसेल, ही भीती मला अनाठायी वाटते. बहुतेक कॉलेजांच्या अर्जात एपीचे गुण आपणच लिहायचे असतात, नको तर लिहू नये. आणि कॅलिफोर्नियात ३ म्हणजे फुकट गेलं असंही नाही. राज्याचा द्विभाषा-प्रावीण्याचा शिक्का हायस्कुलाच्या प्रमाणपत्रावर मिळतो, त्याच्या निकषांत भाषेच्या एपी परीक्षेतले ३ किंवा जास्त गुण धरले जातात. कॉलेजात भाषेची अट माफ होते का किंवा वरच्या वर्गात बसवतात का, हे कॉलेजागणिक वेगळं. ते आत्ता शोधत बसू नका.

एका परिस्थितीत मात्र मी नको म्हणेन. पुढच्या वर्षी तिच्या पानात चार-पाच एपी असतील आणि आजच ती बारा वाजता झोपत असेल, तर काहीतरी सोडावं लागेल. त्या वेळी काय सोडायचं ते तिला ठरवू द्या. जीपीए (शाळेतल्या गुणांची सरासरी) वाढतो म्हणून चिनी घेणार असेल, तर तेही नको. तुमच्या पत्रात "आवडीने शिकते" हे शब्द नसते, तर माझं उत्तर वेगळं झालं असतं.

उन्हाळ्यात फार नको. रोज वीस मिनिटं चिनी ऐकणं, तैवान किंवा चीनमधली एखादी मालिका, खालची इंग्रजी अक्षरं बंद करून. आठवड्यातून एकदा वर्गातल्या चिनी घरच्या मैत्रिणीशी तासभर फक्त चिनीत बोलणं. ती हिला कान देईल, ही तिला अक्षरं. मैत्रिणीच्या आजीबरोबर मोमोसारखे च्याओत्स वळायला एखादा दिवस गेली तर उत्तमच. स्वयंपाकघरात शिकलेला शब्द विसरत नाही, हे मी स्वतःवरून सांगते.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी घरी एक परीक्षा घ्या. तुम्हाला चिनी यायची गरज नाही. कॉलेज बोर्ड मागच्या वर्षांचे लेखी आणि तोंडी प्रश्न संकेतस्थळावर ठेवतं. चार चित्रांची एक गोष्ट, १५ मिनिटं, आणि एक सादरीकरण, चार मिनिटं विचार आणि दोन मिनिटं बोलणं, फोनवर ध्वनिमुद्रण करून. गोष्ट पूर्ण झाली का आणि दोन मिनिटांत ती दहा सेकंदांहून जास्त कुठे थांबली का, एवढंच पाहा. दोन्ही जमलं तर नोंदणी करा. नाही जमलं तर ते ध्वनिमुद्रण तिच्या शिक्षकांना ऐकवा, नोंदणीची मुदत संपायला अजून महिना असेल, आणि त्यांचं मत माझ्यापेक्षा महत्त्वाचं. ते 'नको' म्हणाले तर परीक्षा बारावीत देता येईल. तोवर वर्गात तिची जागा आहेच.

शाळेचा कागद भरताना तिला एकटीला बसू द्या. आणि त्याआधी, जमलं तर, आजोबांना फोन लावून तिच्याच तोंडून त्यांना श्वान्-त्सांगची गोष्ट ऐकवा.